हेडली व्हेरिटी : दहा हंगामांची कारकीर्द

#थ्रेड

१/८
१ सप्टेंबर १९३९. पहाटे जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसल्या. त्याच दिवशी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील होव्ह येथे यॉर्कशायरच्या हेडली व्हेरिटीने ९ धावांत ७ बळी घेतले. ससेक्सचा डाव ३३ धावांत आटोपला. त्याची ही प्रथम श्रेणी क्रिकेटमधील अखेरची गोलंदाजी ठरली.

२/८
१९०५ साली लीड्समध्ये जन्मलेला व्हेरिटी हा डावखुरा फिरकी गोलंदाज. १९३० मध्ये त्याने यॉर्कशायरकडून पदार्पण केले. त्याच हंगामाअखेर विल्फ्रेड ऱ्होड्स निवृत्त झाला. ऱ्होड्सच्या नावावर चार हजारांहून अधिक बळी होते. व्हेरिटीला जागा भरायची होती ती अशा गोलंदाजाची.

३/८
त्या काळी खेळपट्ट्या पावसात उघड्याच राहत. भिजलेली खेळपट्टी उन्हात वाळू लागली की चेंडू अनपेक्षित उसळे आणि वळे. १२ जुलै १९३२ रोजी हेडिंग्लेवर उपाहाराला नॉटिंगहॅमशायर बिनबाद ३८ होते; नंतर सर्वबाद ६७. व्हेरिटी : १९.४ षटके, १६ निर्धाव, १० धावा, १० बळी.

४/८
१९३४ मध्ये लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने १०४ धावांत १५ बळी घेतले, त्यांपैकी १४ एकाच दिवशी. या मैदानावर ऑस्ट्रेलियाला पुन्हा हरवण्यासाठी इंग्लंडला २००९ पर्यंत थांबावे लागले.

५/८
मग हे यश केवळ पावसाचे होते का? कसोटीत डॉन ब्रॅडमनला सर्वाधिक, म्हणजे ८ वेळा, बाद करणारा गोलंदाज व्हेरिटीच होता. फेब्रुवारी १९३४ मध्ये मद्रास कसोटीत भारताविरुद्धही त्याने ११ बळी टिपले.

६/८
त्याच्या दहा हंगामांत यॉर्कशायरने सात वेळा काउंटी अजिंक्यपद जिंकले. १,९५६ बळी, सरासरी १४.९०.

७/८
युद्धात तो ग्रीन हॉवर्ड्स पलटणीत कॅप्टन झाला. जुलै १९४३ मध्ये सिसिलीत आपल्या तुकडीचे नेतृत्व करताना छातीत जखम होऊन तो शत्रूच्या हाती सापडला. ३१ जुलै रोजी इटलीतील कासेर्ता येथे युद्धकैदी म्हणून त्याचा मृत्यू झाला. वय ३८.

८/८
पहिल्या महायुद्धानंतर, वयाच्या ४१व्या वर्षी ऱ्होड्स मैदानावर परतला आणि आणखी बारा हंगाम खेळला. फिरकी गोलंदाजाची उमेद चाळिशीनंतरही टिकते, याचा दाखला व्हेरिटीच्या घरच्याच संघात होता. दुसऱ्या महायुद्धाने त्याला ती संधी दिली नाही.