२०१६ ल मां २४ तास शर्यत

२०१६ ल मां २४ तास शर्यत ही फ्रान्समधील सार्थ सर्किटवर १८ व १९ जून २०१६ रोजी झालेली सहनशक्तीची मोटार शर्यत होती. ही या शर्यतीची ८४वी आवृत्ती आणि त्या वर्षीच्या जागतिक एन्ड्युरन्स अजिंक्यपद मालिकेतील तिसरी फेरी होती. पोर्शे ९१९ हायब्रिड या क्रमांक २च्या गाडीने १३.६२९ किमी लांबीच्या मार्गाच्या ३८४ फेऱ्या पूर्ण करून विजेतेपद मिळवले. ल मां येथील पोर्शेचा हा १८वा विजय होता. तथापि ही शर्यत विजेत्यापेक्षा टोयोटाच्या पराभवामुळे अधिक स्मरणात राहिली.

== शर्यत ==
साठ गाड्या एलएमपी१, एलएमपी२, जीटीई प्रो व जीटीई ॲम या चार वर्गांत एकाच वेळी धावल्या. मुसळधार पावसामुळे शर्यतीचा आरंभ सेफ्टी कारच्या मागे झाला आणि जवळपास पहिला तास तसाच गेला. पुढे टोयोटा, पोर्शे व ऑडी यांच्यातील चढाओढीत ऑडी मागे पडली, तर पोर्शेच्या क्रमांक १च्या गाडीचा बराच वेळ दुरुस्तीत गेला.

अखेरच्या टप्प्यात अँथनी डेव्हिडसन, सेबास्तियां ब्युमी व काझुकी नाकाजिमा यांची टोयोटा क्रमांक ५ आघाडीवर होती. सुमारे तीन मिनिटे उरली असताना तिची शक्ती गेली आणि नाकाजिमा यांना ती मुख्य सरळ मार्गावर थांबवावी लागली. तेथेच नील जानी यांची पोर्शे तिला ओलांडून गेली. टर्बोचार्जर व इंटरकूलर यांना जोडणाऱ्या हवेच्या नळीच्या जोडातील दोष हे कारण असल्याचे टोयोटाने नंतर सांगितले. गाडी पुन्हा सुरू होऊन अंतिम रेषेपर्यंत पोहोचली; पण शेवटची फेरी सहा मिनिटांच्या आत पूर्ण करण्याची अट न पाळली गेल्यामुळे तिला दुसरे स्थानही मिळाले नाही, निकालात तिचे वर्गीकरणच झाले नाही.

== निकाल ==
विजेत्या गाडीचे चालक रोमँ द्युमा, मार्क लीब आणि भारतीय वडिलांचे पुत्र असलेले स्विस चालक नील जानी हे होते. तीन फेऱ्यांनी मागे असलेली टोयोटा क्रमांक ६ (माइक कॉनवे, कामुइ कोबायाशी, स्तेफान सारासँ) दुसरी आली. टोयोटाचे ल मां येथील हे पाचवे उपविजेतेपद होते. ऑडी क्रमांक ८ तिसरी आली. ऑडीने या वर्षाअखेर मालिकेतून माघार घेतली.

एलएमपी२ वर्गात सिग्नाटेक अल्पीनच्या गुस्ताव्हो मेनेझेस, निकोला लापिएर व स्तेफान रिशेल्मी यांनी विजय मिळवून एकूण क्रमवारीत पाचवे स्थान घेतले.

जीटीई प्रो वर्गात जोई हँड, डर्क म्युलर व सेबास्तियां बुर्दे यांच्या फोर्ड जीटीने रिसी संघाच्या फेरारी ४८८ला मागे टाकले. १९६६ साली फोर्डने फेरारीची सलग सहा विजयांची मालिका खंडित केली होती, त्याला यंदा ५० वर्षे होत होती. शर्यतीआधी फोर्डच्या गाड्यांचे वजन वाढवूनही त्यांचा वेग इतरांना जड गेला, म्हणून गाड्यांची कामगिरी समतोल करण्याच्या नियमांवर बरीच टीका झाली. दोन्ही गाड्यांना वेळेचा दंड झाला, परंतु क्रम बदलला नाही. जीटीई ॲममध्ये स्कुदेरिया कोर्साची फेरारी ४५८ पहिली आली.

स्पर्धेबाहेरील प्रायोगिक प्रवेशिका म्हणून धावलेल्या मॉर्गन गाडीचे एक चालक फ्रेदेरिक सोसे यांनी जंतुसंसर्गात दोन्ही हात व दोन्ही पाय गमावले होते. त्यांच्या गाडीने शर्यत पूर्ण करून ३८वे स्थान मिळवले.

== नंतर ==
टोयोटाला ल मांचे पहिले विजेतेपद २०१८ साली मिळाले. फर्नांदो अलोन्सो यांच्यासह त्या गाडीचे चालक ब्युमी आणि नाकाजिमा हेच होते.