पॅरिसमध्ये जेवायचं कुठे?

नवख्या शहरात चांगलं जेवण शोधायचं कसं, हा प्रश्न मोबाईलपेक्षा बराच जुना आहे. राज्यक्रांतीनंतर पॅरिसमध्ये नवा पैसा आला, रेस्तराँ वाढली, पण त्यातलं चांगलं कुठलं, हे या नवश्रीमंतांना सांगणार कोण? १८०३ मध्ये ग्रिमो द ला रेनिएर या खवय्या वकिलाने ‘अल्मानाक दे गुरमां’ काढलं. कुठल्या रस्त्यावर काय चांगलं मिळतं, याची त्यात यादीच होती.

त्याची पद्धत भारी होती. दुकानदार आपले पदार्थ पाठवायचे, परीक्षक मंडळ जमून चाखायचं आणि निकाल छापून यायचा. म्हणजे ज्याला जोखायचं त्याच्याच खर्चाने जेवण! पक्षपाताचे आरोप झालेच. १८१२ नंतर पुढचा अंक निघाला नाही.

मिशलँ या टायर कंपनीने १९०० मध्ये गाइड फुकट वाटलं, ते मोटारी जास्त फिराव्यात म्हणून. हॉटेलांना तारे १९२६ पासून. त्यांचे निरीक्षक ओळख न देता जातात आणि बिल भरतात. आम्ही इंजिनिअर लोक रेटिंगची सरासरी काढत बसतो, पण बिल कोणी भरलं हा रकाना आमच्या टेबलात सहसा नसतोच.

तारे खिशाला झेपत नसतील, तर पॅरिसमध्ये ‘बुइयाँ’ पाहावं. बुइयाँ म्हणजे मांसाचा रस्सा. एकोणिसाव्या शतकात द्युव्हाल नावाच्या खाटकाने स्वस्तात रस्सा आणि उकडलेलं मांस देणारी खानावळ काढली, तिचीच ही परंपरा. १८९६ चं ‘शार्तिए’ आजही चालू आहे. तिथला वेटर ऑर्डर टेबलावरच्या कागदावरच लिहितो आणि बेरीजही तिथेच, तुमच्यासमोर करतो.