भाड्याचें घर, मालकीचें घर

नाशिकरोडच्या जवळ गोदावरीच्या कांठीं एकलहरे नांवाचें गांव आहे. १९७० सालापासून तेथें वीज तयार होऊं लागली, आणि वीजकेंद्राबरोबर कामगारांच्या निवासस्थानांची वसाहतहि वसली. या भागांतील मुलांना शिकविण्यांत माझीं बरींच वर्षें गेलीं. शाळेचा दाखला न्यावयास येणाऱ्या पालकांत दरवर्षीं एखादा नुकताच निवृत्त झालेला गृहस्थ असावयाचाच. नोकरी संपली कीं क्वार्टर रिकामें करावयाचें, हा नियम. अशाच एकानें एकदां दाखल्यावर सही करतां करतां मला विचारलें, "गुरुजी, तीस वर्षें भाडें कापून दिलें. तेवढ्यांत हें घर विकत नसतें का झालें?" मी त्या वेळीं गप्प बसलों. हिशेबाच्या मास्तराला उत्तर देतां आलें नाहीं, याची रुखरुख मात्र राहिली. आज तें उत्तर इतिहासांत शोधून पाहूं.

सरकारी जागेंत भाड्यानें राहणाऱ्यानें त्याच घराचें मालक व्हावें, हा विचार आपल्याकडे मुख्यतः मुंबईंत वाढला. म्हणून प्रथम तिकडेच वळलें पाहिजे. १८९६ सालीं तेथें प्लेग आला. रोगाचें मूळ कोंदट वस्तींत आहे असें मानून १८९८ सालीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टनें दाट वस्ती पाडून रस्ते काढले, आणि कांहीं चाळीहि बांधल्या. परळच्या अशा एका चाळींत डॉ. बाबासाहेब आंबेडकर वीस वर्षांहून अधिक काळ राहिले. पुढें त्यांनीं दादरला 'राजगृह' बांधलें, तें आपल्या ग्रंथसंग्रहाला पुरेल असें. आपल्या गरजेप्रमाणें भिंत उभी करतां येणें, हा मालकीचा पहिला अर्थ होय.

ट्रस्टच्या मागून १९२० सालीं, सर जॉर्ज लॉइड हे गव्हर्नर असतांना, डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालें. बी. डी. डी. चाळी त्या खात्याच्याच. संकल्प पन्नास हजार खोल्यांचा होता, आणि खर्चासाठीं कापसाच्या गांठीमागें एक रुपया कर बसविला होता. प्रत्यक्षांत चाळी झाल्या २०७. त्यांपैकीं वरळीस १२१, नायगांवास ४२, डिलाइल रोडवर ३२ आणि शिवडीस १२. तळमजला व वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, आणि संडास सामाईक. आरंभीं भाडें परवडेना म्हणून कित्येक खोल्या रिकाम्या पडल्या होत्या. पुढें मात्र त्याच एकेका खोलींत तीन तीन पिढ्या नांदल्या.

खासगी चाळींची कथा निराळी. १९४७ च्या कायद्यानें भाडीं बहुतेक १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकलीं. भाडेकरूंचें त्यानें रक्षण झालें, यांत शंका नाहीं. परंतु महागाई वाढत गेली, भाडें तेथेंच राहिलें, आणि एवढ्याशा उत्पन्नांत घरमालक दुरुस्तीला हात घालीना. पावसाळ्यांत घरें कोसळूं लागलीं, तेव्हां १९६९ सालीं दुरुस्तिमंडळाचा कायदा करावा लागला. उपकर भरणाऱ्या अशा इमारती १९,६४२ भरल्या. भाडेकरू घर सोडीना, मालक घर राखीना. मध्यें भिंती झिजत होत्या.

या कोंडींतून निघण्याची वाट फार पूर्वींच दिसली होती. १९१५ सालीं गांवदेवीस सारस्वत को-ऑपरेटिव्ह हौसिंग सोसायटी स्थापन झाली; रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी हे तिचे प्रवर्तक. घरें संस्थेचीं, सभासद भाडें भरी. पण ज्या संस्थेला तो तें देई, तिचा तो स्वतः भागीदार असे. म्हणजे एका हातानें दिलेलें भाडें दुसऱ्या हाताला जबाबदार राही. ही कल्पना इतकी रुजली कीं महाराष्ट्राच्या १९६१ च्या सहकारी नियमांत गृहनिर्माण संस्थांचे जे प्रकार सांगितले, त्यांत 'भाडेकरू-मालकी' आणि 'भाडेकरू-सहभागीदारी' अशीं नांवें आलीं. मालक झालेल्या मनुष्याच्या कागदावर 'भाडेकरू' हा शब्द राहून गेला. मला तो शब्द फार बोलका वाटतो.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्यानें गृहनिर्माण मंडळ झालें, आणि १९५२ च्या योजनेनें औद्योगिक कामगारांसाठीं सवलतीच्या भाड्याचीं घरें बांधण्यास आरंभ झाला. विक्रोळीचें कन्नमवारनगर, चेंबूरचें टिळकनगर, कुर्ल्याचें नेहरूनगर या मंडळाच्या वसाहती. १९७७ सालीं मंडळाची जागा म्हाडानें घेतली. भाड्याचे गाळे रहिवाशांच्या मालकीचे होऊं लागले, तेव्हां वाट सहकाराचीच धरली गेली. इमारतींतील रहिवाशांनीं संस्था काढावयाची, इमारतीचें खरेदीखत संस्थेच्या नांवें व्हावयाचें, आणि जमीन मात्र भाडेपट्ट्यानें मिळावयाची.

याहून धाडसाचें पाऊल १९८६ सालीं पडलें. म्हाडा कायद्यांत नवें प्रकरण घालून असें ठरलें कीं, खासगी उपकरप्राप्त इमारतींतील सत्तर टक्के रहिवासी सहकारी संस्था करून मागणी करतील, तर सरकारनें ती मालमत्ता संपादून त्यांना द्यावी. मालकास मोबदला मासिक भाड्याच्या शंभरपट. आतां हिशेब करा. दहा रुपये भाड्याच्या खोलीमागें मालकास मिळावयाचे एक हजार रुपये! भाडेकरूला वरदान वाटलें, घरमालकाला लूट. मालकांचा वाद उच्च न्यायालयांतून सर्वोच्च न्यायालयांत गेला. खासगी मालमत्ता समाजाचें साधन ठरते कीं नाहीं, या मोठ्या प्रश्नावर ५ नोव्हेंबर २०२४ रोजीं नऊ न्यायाधीशांच्या पीठानें निर्णय दिला. प्रत्येक खासगी मालमत्ता सरसकट समाजाचें साधन मानतां येणार नाहीं, असें बहुमत पडलें. दुबळ्याला घर द्यावें, हें सर्वांस मान्य. तें कोणाच्या पदरचें द्यावें, येथें न्यायाची खरी कसोटी लागते.

येथें विलायतेचा दाखला उपयोगी पडेल. इंग्लंडांत १९८० च्या कायद्यानें नगरपालिकांच्या घरांत तीन वर्षें राहिलेल्या भाडेकरूस तें घर विकत घेण्याचा हक्क मिळाला, आणि किमतींत तेहतीस ते पन्नास टक्के सूट. लक्षावधि कामगार कुटुंबें प्रथमच घरधनी झालीं. पण विकलेल्या घरांच्या मानानें नवीं घरें फार थोडीं बांधलीं गेलीं, आणि मागून येणारा गरीब दारांत ताटकळला. स्कॉटलंडनें २०१६ सालीं व वेल्सनें २०१९ सालीं तो हक्क काढून टाकला. पहिल्याचें घर झालें, पण दुसऱ्याचें दार लागलें, असा तो व्यवहार.

आतां पुन्हां वरळीकडे येऊं. २०१६ सालीं बी. डी. डी. चाळींच्या पुनर्बांधणीचें काम म्हाडाकडे आलें. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यांत ५०० चौरस फुटांचें घर, तेंहि मालकी हक्कानें व विनामूल्य. ऑगस्ट २०२५ मध्यें वरळींतील ५५६ कुटुंबांना पहिल्या किल्ल्या मिळाल्या. शिवडीच्या चाळींची जमीन मात्र पोर्ट ट्रस्टची, म्हणून त्या या योजनेबाहेर राहिल्या. याच चाळींत पोलिसांचीं सेवानिवासस्थानें होतीं. तेथें वर्षानुवर्षें राहिलेल्या पोलिस कुटुंबांनाहि मालकी द्यावी, अशी मागणी झाली, आणि किंमत प्रथम पन्नास लाख, मग पंचवीस लाख अशी उतरत २०२२ सालीं पंधरा लाखांवर आली. एकाच आवारांत एकाला घर फुकट, दुसऱ्याला पंधरा लाखांना! अन्याय म्हणावा, तर दुसऱ्याची खोली नोकरीबरोबर आलेली होती, आणि ती पुढच्या शिपायासाठीं राखून ठेवणें हेंहि सरकारचें कर्तव्यच होतें.

एकलहऱ्याच्या त्या गृहस्थाचें उत्तर मला येथें सांपडलें. त्याचें क्वार्टर विकलें असतें, तर त्याच्या जागीं रात्रपाळीला येणाऱ्या तरुणानें कोठें राहावयाचें? जें घर कामाला बांधलेलें आहे, तें कामाबरोबर पुढें गेलें पाहिजे. जें घर कुटुंबाला बांधलेलें आहे, जेथें पिढ्या वाढल्या, तें त्या कुटुंबाचें होणें न्याय्य आहे. परंतु पहिल्या घरांतील मनुष्याला साठीच्या उंबरठ्यावर रिकाम्या हातानें बाहेर काढणें हेंहि बरें नव्हे. त्याची गृहनिर्माण संस्था नोकरीच्या पहिल्या पांच वर्षांत निघाली पाहिजे. भाड्याबरोबर शेअरचा हप्ता कापला गेला, तर तीस वर्षांच्या शेवटीं त्याच्या हातीं दुसऱ्या घराची किल्ली असेल.

आणि किल्ली मिळाल्यावर काय? चाळींत गळती लागली, तर सरकारकडे अर्ज करावयाचा. उंच इमारतींत लिफ्ट बंद पडली, तर अर्ज आपणच आपल्याकडे करावयाचा. रंग, पंप, जिना, पाण्याची टांकी, यांचा खर्च दरमहा येतो, आणि जो भाडेकरू होता त्याला तो भाड्याहून जड वाटतो. तो जड झाला म्हणजे नवा मालक घर विकून पुन्हां भाड्याच्या खोलींत जातो, आणि सारा खटाटोप फुकट जातो. म्हणून भाडेकरूला घर घेण्यास मदत करणें म्हणजे नुसती किंमत कमी करणें नव्हे. हिशेब वाचावयास शिकविणें, सभेंत बोलावयास शिकविणें, दुरुस्तीसाठीं दरमहा थोडी रक्कम बाजूस ठेवण्याची संवय लावणें, हीहि त्याच मदतीचीं अंगें आहेत. तालमकींच्या काळच्या लोकांनीं हें ओळखलें होतें. घर बांधण्याआधीं त्यांनीं संस्था बांधली.

तो निवृत्त गृहस्थ आज भेटला, तर त्याला एवढेंच सांगेन कीं, तुमचा हिशेब बरोबर होता. फक्त तो तीस वर्षें आधीं मांडावयास हवा होता, आणि तो मांडून दाखविणें हें आम्हां शिकविणाऱ्यांचें काम होतें.