आवाजाचा नकाशा : नागपूर आणि डेसिबलची मोजणी

१/७
नागपूरचा झिरो माइल ही ब्रिटिशकालीन भूमापनाची खूण. जमीन जागची हलत नाही, म्हणून तिचा नकाशा काढता येतो. पण क्षणात उठून क्षणात विरणाऱ्या आवाजाचा नकाशा कसा काढायचा? या प्रश्नाचा इतिहासही नागपूरपर्यंत येतो. 🧵

२/७
१८६७ मध्ये मुंबईकडून येणारा लोहमार्ग नागपूरला पोहोचला. आज मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे रेल्वेमार्ग येथे एकमेकांना छेदतात. देशाच्या मध्यावर असण्याचा मान शहराला मिळाला. त्यासोबत अहोरात्र वाहतुकीचा आवाजही आला.

३/७
आवाजाची तक्रार जुनी, मोजमाप मात्र नवे. १९२९ मध्ये न्यूयॉर्कने ध्वनिनिवारण आयोग नेमला आणि रस्तोरस्ती उपकरणे नेऊन गोंगाट मोजला. ‘फार त्रास होतो’ या वाक्याला आकड्यांचा आधार मिळाला.

४/७
भारतात २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी मर्यादा ठरवल्या. निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल. शांतता क्षेत्रात ५० व ४०. डेसिबलची पट्टी सरळ चढत नाही. १० डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट.

५/७
मर्यादा कागदावर आली, पण ती नेमकी कुठे मोडते? २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील शहरांचे ध्वनिनकाशे करण्याचा आदेश दिला. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने २७ शहरांचे हे काम नागपूरच्या ‘नीरी’कडे सोपवले. १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीसाठी स्थापन झालेली ही संस्था आता आवाज मोजू लागली.

६/७
असा नकाशा करताना ठिकठिकाणी ध्वनिमापक लावून दिवसाची व रात्रीची सरासरी पातळी काढतात. वाहनांची संख्या, वेग, अवजड वाहनांचे प्रमाण नोंदवतात. रेल्वेच्या बाबतीत चाक-रुळांचे घर्षण आणि भोंगाही मोजणीत येतो. मग समान पातळीचे पट्टे रंगवले जातात.

७/७
येथेच खरी विसंगती उघड होते. नियम क्षेत्रांच्या हद्दींवर उभे आहेत. महामार्गाचा वा रुळांचा आवाज हद्द मानत नाही. रुग्णालयाच्या कुंपणाशी तो थांबत नाही. नगरनियोजन करताना ध्वनिप्रदूषणाचा विचार करावा, असे तेच नियम सांगतात. नकाशाने आवाज कमी होत नाही. पण नवे रुग्णालय, शाळा वा वस्ती कुठे उभारू नये, हे तो आधीच सांगतो. तो विकास आराखड्याच्या टेबलावर पोहोचला नाही, तर मोजणी झाली एवढेच इतिहासात उरेल.