शिकागो महापौर निवडणूक, २०२७

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील शिकागो शहराच्या महापौरपदासाठी २३ फेब्रुवारी २०२७ रोजी होऊ घातलेली पक्षविरहित निवडणूक. निम्म्याहून अधिक मते कोणालाच न मिळाल्यास पहिल्या दोघांमध्ये ६ एप्रिलला दुसरी फेरी होते. मुदत चार वर्षांची असून एका व्यक्तीने किती वेळा निवडून यावे यावर बंधन नाही. विद्यमान महापौर ब्रँडन जॉन्सन यांची मुदत मे २०२७ मध्ये संपते. शहराचे ५० प्रभाग आहेत आणि त्यांचे नगरसेवकही याच निवडणुकीत निवडले जातात. मुंबईच्या महापौराला मान असतो, पण कारभार आयुक्ताच्या हाती. शिकागोत तसे नाही. अंदाजपत्रक मांडणे, खातेप्रमुख नेमणे आणि प्रशासन चालवणे ही कामे महापौरच करतो. २०२०च्या जनगणनेनुसार २७,४६,३८८ लोकवस्तीच्या या शहरात एवढी सत्ता ज्या मतांवर मिळते, ती मते मात्र पूर्वीपेक्षा बरीच थोडी झाली आहेत. म्हणून २०२७ची निवडणूक समजून घ्यायची तर उमेदवारांच्या आधी तिच्या नियमांकडे पाहावे लागते. खरा निर्णय पहिल्या फेरीत होतो आणि तो फार थोडे लोक करतात.

२०२३चे आकडे हेच सांगतात. त्या वर्षी पहिल्या फेरीत नऊ उमेदवार होते आणि सुमारे ३६ टक्के मतदान झाले. पॉल व्हॅलस यांना सुमारे ३३ टक्के मते मिळाली, तर जॉन्सन यांना २१.६ टक्के, म्हणजे सव्वा लाखाच्याही आत. नोंदणीकृत मतदारांशी ताडून पाहिले तर हे प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपास भरते. तेवढ्या बळावर ते दुसऱ्या फेरीत गेले आणि तिथे सुमारे ५२ टक्के मते घेऊन जिंकले. तत्कालीन महापौर लोरी लाइटफूट यांना १७ टक्क्यांच्या जवळपास मते पडली व त्या पहिल्याच फेरीत बाद झाल्या. निवडून आलेला महापौर पदावर असताना पराभूत होताना शिकागोने ४० वर्षांत पाहिला नव्हता. गंमत अशी की २०१९ मध्ये लाइटफूट स्वतःही अशाच चिंचोळ्या वाटेने आल्या होत्या. तेव्हा १४ उमेदवारांत १७.५ टक्के मते मिळवून त्या पहिल्या आल्या आणि दुसऱ्या फेरीत टोनी प्रेक्विंकल यांच्याविरुद्ध जवळजवळ ७४ टक्के मतांनी, पन्नासही प्रभाग जिंकून, निवडून आल्या. पन्नास प्रभागांचा तो कौल चार वर्षांत विरून गेला, कारण त्यातली बहुतेक मते नावडत्या दोघींतून एकीला निवडणाऱ्यांची होती.

यावर पहिला आक्षेप असा की दोन फेऱ्यांची पद्धत नेमकी याच दोषावर उपाय म्हणून आली. जुनी रीत तरी काय चांगली होती? १९८३च्या डेमोक्रॅटिक पक्षांतर्गत निवडणुकीत हॅरल्ड वॉशिंग्टन सुमारे ३६ टक्के मतांवर जिंकले. जेन बर्न आणि रिचर्ड एम. डेली यांनी उरलेली मते वाटून घेतली. आक्षेपात तथ्य आहे, पण कथा तिथे संपत नाही. एप्रिलच्या सार्वत्रिक लढतीत वॉशिंग्टन यांना साडेसहा लाखांहून अधिक मते मिळाली आणि ते शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. चाळीस वर्षांनी जॉन्सन यांना दुसऱ्या फेरीत ३,१९,४८१ मते पडली, म्हणजे वॉशिंग्टन यांच्या मतांच्या निम्म्याहूनही कमी. नोंदणीकृत मतदारांत पाचांपैकी एकच मत विजेत्याच्या पदरी. बहुमत दोघांकडेही होते, पण एकामागे शहर होते आणि दुसऱ्यामागे शहराचा एक तुकडा.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. १९८३ची मतदानेही फेब्रुवारी आणि एप्रिलमध्येच झाली होती, मग आजच्या उदासीनतेचा दोष थंडीच्या तारखेला कसा द्यायचा? देऊच नये; निदान सगळा तरी नाही. उलट फेब्रुवारीच्या तारखेचा एक उपयोगही आहे. १९७९च्या जानेवारीतल्या हिमवादळात रस्ते आणि लोकलगाड्या ठप्प झाल्या, आणि तत्कालीन महापौर मायकल बिलँडिक यांना पुढच्याच महिन्यात बर्न यांच्याकडून हार पत्करावी लागली. मतदाराने कारभाराची परीक्षा बर्फात उभे राहून घेतली. बदलले आहे ते तारखेच्या मागचे यंत्र. महापौर रिचर्ड जे. डेली यांच्या काळात, म्हणजे १९५५ ते १९७६ या वर्षांत, पक्षाचा मतकेंद्र-प्रमुख दारोदार जाऊन मतदारांना बाहेर काढी, आणि त्याची नोकरी बरेचदा त्यावरच अवलंबून असे. राजकीय नोकरभरतीविरुद्ध १९६९ मध्ये दाखल झालेल्या शॅकमन खटल्याने त्या व्यवस्थेचा पाया हळूहळू पोखरला. १९९५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने, जिथे तेव्हा रिपब्लिकनांचे बहुमत होते, शिकागोची महापौर निवडणूक पक्षविरहित केली. १९९९ पासून मतपत्रिकेवर पक्षाचे नावच नाही. यंत्राची वाईट बाजू गेली, त्याबरोबर सामान्य मतदाराला मिळणारी एक साधी खूणही गेली. ती जागा आता संघटित गट भरून काढतात. २०२३ मध्ये जॉन्सन यांच्यामागे शिक्षक संघटनेचे मनुष्यबळ आणि पैसा होता, व्हॅलस यांच्यामागे पोलीस संघटनेचा पाठिंबा आणि उद्योगक्षेत्रातला पैसा. कमी मतदानात अशा गटाचे दहा-वीस हजार खात्रीचे मतदार फार मोठे ठरतात. म्हणून डेलीयुगातले यंत्र संपले, असे म्हणण्यापेक्षा त्याचे मालक बदलले असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

निवडणूक पक्षविरहित करण्यामागे वंशाधारित हेतू होता, अशी शंका तेव्हापासून आहे, आणि ती हवेतली नाही. १९८६ मध्ये वॉशिंग्टन यांच्या विरोधकांनी पक्षविरहित निवडणुकीसाठी सार्वमताची मागणी केली होती. एका मतपत्रिकेवर तीनच प्रश्न चालतात, या नियमाचा आधार घेत वॉशिंग्टन यांच्या बाजूने दुसरे तीन प्रश्न पुढे करून ती मागणी अडवली. भीती ही की दुसऱ्या फेरीत गोरे मतदार एकवटतील. प्रत्यक्षात २०१९च्या दुसऱ्या फेरीत दोन कृष्णवर्णीय स्त्रिया समोरासमोर आल्या आणि २०२३ मध्ये कृष्णवर्णीय जॉन्सन यांनी गोऱ्या व्हॅलस यांना हरवले. भाकीत खोटे ठरले. गैरसोय मात्र कोणा एका वंशापेक्षा सगळ्या शहराच्याच वाट्याला आली.

अरुंद कौलाचे परिणाम कारभारात दिसतात. महागड्या मालमत्तांच्या विक्रीवरील कर वाढवून बेघरांसाठी निधी उभारण्याचा जॉन्सन यांचा आवडता प्रस्ताव मतदारांनी मार्च २०२४ मध्ये नाकारला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मालमत्ता कर ३० कोटी डॉलरने वाढवण्याचा त्यांचा प्रस्ताव सिटी कौन्सिलने ५० विरुद्ध शून्य मतांनी फेटाळला. शहराच्या चार निवृत्तिवेतन निधींतली अब्जावधी डॉलरची तूट अशी आहे की २०२७ मध्ये जो कोणी येईल त्याला कर वाढवावे किंवा सेवा कापाव्या लागतील. अप्रिय निर्णय घेताना पाठीशी किती मते आहेत याला तेव्हा खरी किंमत येते. शाळांचा लगामही महापौराच्या हातून निसटणार आहे. १९९५ पासून शाळा मंडळ महापौर नेमत असे. २०२४ मध्ये काही जागा निवडणुकीने भरल्या आणि जानेवारी २०२७ पासून २१ जणांचे मंडळ पूर्णपणे निवडून आलेले असेल. त्याची निवडणूक नोव्हेंबर २०२६ मध्ये, म्हणजे महापौराच्या फेरीच्या सुमारे साडेतीन महिने आधी. मतदारांना बाहेर काढण्याची संघटित गटांची तालीम तिथेच होईल.

मतदानाआधी मतपत्रिकेवर नाव चढवण्याची पायरी आहे. महापौरपदाच्या उमेदवाराला १२,५०० वैध सह्या लागतात. प्रतिस्पर्ध्याच्या सह्या एकेक करून तपासून बाद करवणे ही शिकागोत कला मानली जाते, आणि तिच्यात वाकबगार वकिलांना हंगामात उसंत मिळत नाही. २०११ मध्ये आक्षेप सह्यांवर नव्हता, रहिवासावर होता. व्हाइट हाउसमध्ये काम करून परतलेले राम इमॅन्युएल यांचे नाव राज्याच्या अपील न्यायालयाने वगळले आणि तीनच दिवसांनी राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयाने परत घातले. ते पहिल्या फेरीतच निवडून आले. दुसऱ्या फेरीची पाळी शहरावर पहिल्यांदा २०१५ मध्ये आली, तीही त्यांच्यावरच.