म्हाताऱ्यांची फिट नोंदीत का सापडत नाही?

ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 सालचं, नरोत्तमदास माधवदास यांच्या देणगीतून उभं राहिलेलं. त्या काळातले मुंबई इलाख्यातल्या वेड्यांच्या इस्पितळांचे वार्षिक अहवाल उघडलेत, तर वेडाच्या कारणांच्या तक्त्यात तुम्हाला अपस्मार भेटेल. आजार मेंदूचा, पण खातं वेडाचं!

त्यात साठीपुढचे रुग्ण शोधायला निघालात, तर जरा थांबा. इस्पितळात कोण पोचायचं? घरात जो आवरेना तो. म्हातारपणातली फिट बऱ्याचदा तशी नसतेच. हातपाय झाडणं नाही, फेस नाही. आजोबा मिनिटभर शून्यात बघतात, हाकेला ओ देत नाहीत, मग कितीतरी वेळ गोंधळलेले. घरचे म्हणणार, वय झालं. बर्गरने माणसाच्या मेंदूचा विद्युत आलेख प्रसिद्ध केला तो 1929 मध्ये. त्याआधी निदान म्हणजे कुणीतरी डोळ्यांनी पाहिलं तेच. त्यामुळे तक्त्यात म्हातारे कमी दिसले, तर 'तेव्हा त्यांना हा आजार नव्हता' असं लिहू नका.

आज कल्याण-डोंबिवलीत घरोघर सर्व्हे करायचा झाला, तरी 'फिट येते का?' एवढ्याने भागणार नाही. लकवा होऊन गेलाय का, मधेच हरवल्यासारखं होतं का, हे विचारावं लागेल. आणि पेशंटइतकंच सुनेला, मुलालाही. ते खरं सांगतीलच असं नाही. 1999 पर्यंत हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारी फिट हे लग्न रद्द ठरवायला कारण होतं. नातीसाठी स्थळं बघणं चालू असेल, तर आजोबांची फिटही लपवली जाते.