अटी कोणाच्या, हक्क कोणाचा?

महार वतनाचा इतिहास हा एका अर्थाने अटींचा इतिहास आहे. मुंबई इलाख्यात १८७४ च्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्याने वतनाला सरकारी आधार मिळाला; पण वतनदार महाराने काम किती करायचे, किती वेळ करायचे आणि कोणाकोणाचे करायचे, हे मोघमच राहिले. अंमलदाराने बोलावले की जायचे. वतनदार घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांचा रोख तुटपुंज्या मोबदल्यावर होता तितकाच या मोघमपणावरही होता. अटी एकाने लिहायच्या आणि पिढ्यान्पिढ्या निभवायच्या दुसऱ्याने, हा त्या व्यवस्थेचा कणा होता.

हा जुना विषय आज काढण्याला कारण आहे. आपली मुले आता संगणकावर शिकतात, आपली नियतकालिके संगणकावर जुळवली जातात, शिष्यवृत्तीचा अर्जसुद्धा संगणकावरच भरावा लागतो. या यंत्राला चालवणाऱ्या आज्ञावल्या आपण ‘विकत घेतो’ असे म्हणतो. ते खरे नाही. आपण घेतो तो वापरण्याचा परवाना. पडद्यावर पानभर इंग्रजी मजकूर येतो, खाली ‘मान्य’ असे बटण असते आणि ते दाबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्या मजकुरात आपल्याला काय करता येणार नाही याची यादी असते : प्रत काढायची नाही, दुसऱ्याला द्यायची नाही, आत काय आहे ते उघडून पाहायचे नाही. अटी कोणी लिहिल्या आणि कोणासाठी, हा प्रश्न येथेही विचारलाच पाहिजे.

प्रारंभी असे नव्हते. १९५० आणि १९६० च्या दशकांत आज्ञावली यंत्राबरोबरच मिळत असे आणि यंत्र वापरणारे आपापसांत तिची देवघेव करीत. १९६९ साली आय. बी. एम. या बलाढ्य कंपनीने आज्ञावल्यांची किंमत यंत्रापासून वेगळी काढण्याचे जाहीर केले. १९८० साली अमेरिकेने आज्ञावलीला स्पष्टपणे कॉपीराइटखाली आणले. भारतात १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाची आज्ञावली ‘साहित्यकृती’ ठरली. म्हणजे कायद्याच्या लेखी कादंबरी आणि आज्ञावली एकाच पंगतीला बसल्या. फरक एवढाच की कादंबरी विकत घेणाऱ्याला ती वाचता येते. आज्ञावलीचा माणसाला वाचता येईल असा मूळ मजकूर, ज्याला सोर्स कोड म्हणतात, तो विकणाऱ्याच्या तिजोरीतच राहतो. ग्राहकाच्या हाती येतात ते फक्त यंत्राला कळणारे आकडे.

याविरुद्ध पहिले संघटित बंड रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन आज्ञावलीकाराने केले. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेतील त्याच्या प्रयोगशाळेत नवे छपाईयंत्र आले. त्यात कागद अडकला की सर्वांना सूचना जावी अशी सुधारणा त्याला करायची होती. मूळ मजकूर मागितला, तर ‘गुप्ततेचा करार आहे’ म्हणून नकार मिळाला. सप्टेंबर १९८३ मध्ये त्याने ‘ग्नू’ या मुक्त आज्ञावलीसंचाची घोषणा केली, १९८५ साली फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केले आणि १९८९ साली ‘जनरल पब्लिक लायसन्स’, म्हणजे सार्वजनिक परवाना, प्रसिद्ध केला. या विचाराने वापरणाऱ्याचे चार हक्क मांडले. कोणत्याही कामासाठी आज्ञावली चालवण्याचा हक्क. ती कशी चालते हे अभ्यासून तिच्यात बदल करण्याचा हक्क. प्रती वाटण्याचा हक्क. आणि बदललेली आवृत्ती इतरांना देण्याचा हक्क. पैसे घेऊन विकायलाही मनाई नाही. ‘मुक्त’ म्हणजे ‘फुकट’ हा गैरसमज आहे.

या परवान्याची खरी ताकद एका अटीत आहे. जो कोणी ही आज्ञावली, किंवा तिच्यावरून बनवलेली आज्ञावली, दुसऱ्याला देईल, त्याने हेच हक्क आणि मूळ मजकूरही पुढे दिलाच पाहिजे. स्टॉलमनने कॉपीराइट नाकारला नाही. मालकाला अटी घालण्याचा जो अधिकार कायदा देतो, तोच वापरून त्याने पुढच्या मालकाला कुलूप लावण्याची बंदी केली. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली सुरू केलेला लिनक्स १९९२ मध्ये याच परवान्याखाली आला, आणि आज अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशी तोच आहे. हा परवाना नुसता सद्भावनेचा कागद नाही, हेही सिद्ध झाले आहे. २००४ साली म्युनिकच्या न्यायालयाने अटी न पाळणाऱ्या कंपनीविरुद्ध मनाईहुकूम दिला.

आता आपल्या देशाच्या कायद्याकडे पाहू. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात वापरणाऱ्याचे काही हक्क नमूद आहेत आणि ते आपल्यातील फार थोड्यांना माहीत आहेत. रीतसर मिळालेल्या आज्ञावलीची, ती नष्ट होण्याच्या भीतीपोटी, जादा प्रत करून ठेवता येते. १९९९ च्या दुरुस्तीने आणखी भर पडली : आज्ञावलीमागील तत्त्व शोधण्यासाठी तिचे निरीक्षण व अभ्यास करता येतो, दुसऱ्या आज्ञावलीशी तिचा मेळ घालण्यासाठी आवश्यक माहिती मिळवता येते, आणि वैयक्तिक, बिगरव्यापारी वापरासाठी प्रत किंवा रूपांतरही करता येते. वाचायला हे उत्तम आहे. परंतु मूळ मजकूर ग्राहकाच्या हाती द्या, असे हा कायदा विकणाऱ्याला सांगत नाही. अभ्यासाचा हक्क आहे, अभ्यासाची वस्तू मात्र बंद पेटीत आहे.

महाडची आठवण येथे अपरिहार्य आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव १९२४ चा. पण २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आपल्या माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले, तोवर त्या ठरावांनी कोणाची तहान भागली नव्हती. पुढे सनातन्यांनी कोर्टात काय सांगितले? तळे खाजगी मालकीचे आहे आणि अस्पृश्यांना मज्जाव ही पूर्वापार रूढी आहे. हा दावा मुंबई उच्च न्यायालयात १९३७ साली निकालात निघाला. कागदावर हक्क असणे आणि पाण्यापर्यंत वाट असणे या दोन गोष्टी आहेत, हे आपल्या चळवळीने दहा वर्षे कोर्टकचेरी करून शिकले. सार्वजनिक परवाना मूळ मजकूर द्यायला लावतो, तेव्हा तो ही वाटच मागत असतो.

वाट एकदा मिळाली म्हणजे कायमची मिळाली असेही नाही. अँड्रॉइडच्या गाभ्याचा मजकूर मिळतो. पण कित्येक फोन असे बांधलेले असतात की त्यात सुधारलेली आज्ञावली घालता येत नाही. अशा यंत्रकुलपांना रोखण्यासाठी २००७ साली परवान्याची तिसरी आवृत्ती आली. लिनक्सने मात्र दुसरीच कायम ठेवली. झगडा संपलेला नाही.

या सर्वांचा मराठीशी, आणि विशेषतः आपल्या साहित्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध थेट अक्षराशी आहे. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, दलित साहित्याची नियतकालिके उभी राहिली ती खिळे जुळवण्याच्या काळात. शिशाचे खिळे ज्या छापखान्याने विकत घेतले ते त्याचे झाले. त्याने त्यातून वाटेल ते छापावे, झिजले की वितळवावेत, दुसऱ्याला विकावेत. संगणक आला आणि अक्षरही परवान्यावर मिळू लागले. १९९० च्या दशकात मराठी जुळणीच्या कंपन्यांनी प्रत्येकी आपापले फाँट काढले, आणि कोणत्या आकड्याला कोणते अक्षर हा हिशेब प्रत्येकीने वेगळा ठेवला. काही आज्ञावल्या तर यंत्राच्या मागे एक छोटे कुलूप खोचल्याशिवाय चालतच नसत. एका फाँटात टंकलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की निरर्थक चिन्हांची रास पुढे येई. सरकारी मानक नव्हते असे नाही. ‘इस्की’ हे भारतीय मानक १९९१ चे, आणि देवनागरीसह युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. पण मानक असणे आणि बाजाराने ते पाळणे यांत अनेक वर्षे गेली.

एका बंद पडलेल्या नियतकालिकाच्या काही अंकांच्या फाईली माझ्याजवळ आहेत. त्यात मराठवाड्यातील नवोदितांच्या कविता आहेत, नामांतराच्या लढ्यावरील लेख आहेत. ज्या आज्ञावलीत ते जुळवले ती आज चालत नाही आणि तिचे कुलूप कुठे गेले ते कोणाला ठाऊक नाही. छापील अंक वाळवीने खाल्ले. मजकूर आमच्या माणसांनी लिहिला, टंकण्याची मजुरी आमच्या वर्गणीतून गेली, आणि तो उघडण्याची किल्ली मात्र तिसऱ्याकडे राहिली. शब्द आपले असूनही आपल्याला वाचता येऊ नयेत, याला दुसरे काय म्हणावे?

यावर उपाय आज उपलब्ध आहेत, आणि ते मुक्त परवान्यांमुळेच आहेत. रेड हॅट कंपनीचे ‘लोहित’, मुंबईच्या ‘एक टाईप’चे ‘मुक्त’ असे युनिकोड फाँट खुल्या फाँट परवान्यावर मिळतात. त्याच्या अटी थोडक्यात अशा : वापरा, अभ्यासा, बदला, वाटा, निव्वळ फाँट सुटा विकू नका, आणि बदललेला फाँट याच परवान्याखाली ठेवा. खिळे विकत घेणाऱ्या छापखान्याला जे स्वातंत्र्य होते, ते येथे बव्हंशी परत मिळाले आहे.

परवान्याचा हाच प्रश्न बाबासाहेबांच्या ग्रंथांनाही लागू आहे. महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली पहिला खंड १९७९ साली काढला, हे मोठे काम झाले. पण १९८७ साली ‘रिडल्स’चा खंड आला आणि त्यातील राम-कृष्णावरील परिशिष्ट वगळा अशी ओरड उठली, तेव्हा १९८८ च्या आरंभी दलितांना मुंबईत प्रचंड मोर्चा काढावा लागला. २०२१ साली खंडांची छपाई रखडल्याची दखल मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. जीवितकाळात प्रसिद्ध झालेले बाबासाहेबांचे लेखन साठ वर्षांची मुदत संपून १ जानेवारी २०१७ पासून सर्वांना खुले झाले. मरणोत्तर प्रकाशित लेखनाची साठ वर्षे मात्र प्रकाशनापासून मोजली जातात. त्या हिशेबाने १९८७ मध्ये प्रथम छापलेल्या मजकुराची मुदत २०४७ अखेर संपेल. शिवाय मूळ इंग्रजी खुले झाले तरी मराठी अनुवादाचा हक्क अनुवादकाचा स्वतंत्र असतो. खेड्यातला वाचक मराठीत वाचतो, म्हणून अनुवाद कोणत्या अटींवर निघतो हा त्याच्या दृष्टीने कळीचा मुद्दा आहे.

एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. ‘आम्ही पिढ्यान्पिढ्या वेठ केली, आमच्या शाहिरांची गाणी दुसऱ्यांनी नावाशिवाय गायिली, आणि आता पुन्हा आमचे श्रम सर्वांना मोकळे करायला सांगता?’ आक्षेप रास्त आहे. मोठमोठ्या कंपन्या मुक्त आज्ञावलीवर अमाप नफा कमावतात आणि ती लिहिणारे कित्येकजण बिनपगारी असतात, हे सत्य आहे. म्हणूनच परवान्यांतील फरक जाणला पाहिजे. काही मुक्त परवाने घेणाऱ्याला ती वस्तू पुढे कुलपात टाकू देतात. सार्वजनिक परवाना तसे करू देत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यात लेखकाचे नाव देणे बंधनकारक करता येते, आणि व्यापारी वापराला मज्जावही करता येतो. वेठीला अट नसते आणि वेठ करणाऱ्याला नकार नसतो. येथे देणारा स्वतः अट लिहितो. मोबदल्याचा प्रश्न त्याने सुटत नाही, तो वेगळा लढावा लागेल. पण नाव आणि वापर यांवरचा ताबा हातचा जात नाही.

नागसेनवनातील महाविद्यालयाला बाबासाहेबांनी ‘मिलिंद’ हे प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव दिले. संगणक शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनीही आज्ञावलीला प्रश्न विचारावेत : आत काय आहे, कोणी लिहिले, मला बदलता येईल का? शिक्षकांनी शाळा-महाविद्यालयांत खरेदीच्या वेळी हाच प्रश्न लेखी मांडावा. संपादकांनी जुने अंक युनिकोडमध्ये आणण्याचे काम लांबणीवर टाकू नये, कारण ते जुळवणारे हात आता थकत चालले आहेत. आणि या त्रैमासिकाने पुढील अंकापासून आतील पानावर आपल्या मजकुराच्या अटी स्पष्ट मराठीत छापाव्यात, अशी माझी सूचना आहे. त्या काय असाव्यात, विक्रीला मुभा द्यावी की नाही, अनुवादकाला कोणते बंधन घालावे, यावर वाचकांनी आणि लेखकांनी मोकळेपणाने लिहावे. अटी लिहिण्याची पाळी आपल्यावर क्वचितच येते. ती आली आहे, तर ते काम सर्वांनी मिळून करू.